उन्हाचा हिशेब मांडणाऱ्या अ‍ॅना मणी

मे महिन्यात बिबवेवाडीच्या उतारावर उभे राहिले, की उष्णतेची तीन रूपे एका नजरेत दिसतात. वर डोंगराच्या कडेला अप्पर इंदिरानगरच्या बाजूला पत्र्याची घरे आहेत. सकाळी नऊ-दहापासूनच हे पत्रे तापू लागतात आणि सूर्य मावळला की टकटक आवाज करत निवतात. खाली सोसायट्यांच्या सिमेंटच्या इमारती आहेत. त्यांचा स्लॅब दुपारी फारसा जाणवत नाही, पण रात्री अकरापर्यंत खोलीत ऊब सोडत राहतो. त्याच इमारतींच्या गच्चीवर सोलरच्या टाक्या आहेत. पत्र्याखालच्या माणसाला जे ऊन नकोसे होते, त्याच उन्हावर तिथे आंघोळीचे पाणी फुकट तापते.

ऊन एकच, पण पत्रा, सिमेंट आणि काच त्याच्याशी तीन निराळ्या तऱ्हांनी वागतात. कोण किती तापेल, किती वेळ तापलेले राहील आणि आपली उष्णता कोणाला देईल, याचे नियम ठरलेले आहेत. मात्र नुसते नियम माहीत असून भागत नाही. पुण्याच्या एका चौरस मीटर गच्चीवर दिवसभरात ऊन पडते तरी किती, हा आकडा हाती असावा लागतो. तो नसेल तर सोलर केवढा बसवायचा हे सांगता येत नाही, आणि पत्र्याखाली राहणाऱ्याला नेमका किती ताप सोसावा लागतो हेही कळत नाही.

भारताचा हा आकडा ज्यांनी चिकाटीने मोजून घेतला, त्यांनी आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षे बिबवेवाडीपासून सात-आठ किलोमीटरवर, शिवाजीनगरच्या वेधशाळेत घालवली. सिमला ऑफिस या नावाने पुणेकर ज्या इमारतीला ओळखतात, तीच ही वेधशाळा. त्या शास्त्रज्ञ म्हणजे अ‍ॅना मणी. त्यांना जाऊन दोन तपे उलटली. २३ ऑगस्ट २०२२ रोजी, त्यांच्या १०४ व्या जन्मदिनी, गुगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा वाचले.

हिऱ्याच्या कुड्यांऐवजी ज्ञानकोश

अ‍ॅना मणींचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानातल्या पीरमेड या डोंगरी गावी झाला. वडील स्थापत्य अभियंता होते आणि त्यांचे वेलदोड्याचे मळे होते. आठ भावंडांत अ‍ॅना सातव्या. घर सधन होते, पण त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलग्यांनी शिकून हुद्द्यावर जायचे आणि मुलींनी लग्न करून संसार थाटायचा, असे ठरूनच गेलेले होते. मुलीच्या आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या देण्याची घरात पद्धत होती. अ‍ॅनाने त्या नाकारल्या आणि त्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागून घेतले. तोवर गावातल्या वाचनालयातली मल्याळम पुस्तके तिने जवळजवळ संपवली होती. बाराव्या वर्षापर्यंत इंग्रजी पुस्तकांचाही तिने असाच फडशा पाडला.

१९२५ मध्ये वायकोम सत्याग्रहाच्या निमित्ताने महात्मा गांधी त्या भागात आले होते. त्याचा परिणाम या मुलीच्या मनावर कायमचा राहिला. त्यांनी खादी वापरायला सुरुवात केली. आपल्याला लागणारी वस्तू आपल्या देशात तयार झाली पाहिजे, हा आग्रह पुढे त्यांच्या कामातही उतरला.

वैद्यकीय शिक्षणाचा विचार मनात होता, पण भौतिकशास्त्र आवडू लागले आणि त्यांनी तीच वाट धरली. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९३९ मध्ये त्या भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र घेऊन ऑनर्ससह पदवीधर झाल्या. १९४० मध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या.

हिरा, तवा आणि सांडशी

लहानपणी ज्या हिऱ्यांना नकार दिला, तेच हिरे आता अभ्यासाचा विषय झाले. रामन यांच्याकडे भारतातून आणि आफ्रिकेतून जमवलेले सुमारे तीनशे हिरे होते. त्यातल्या तीसहून अधिक हिऱ्यांवर मणींनी काम केले. हिऱ्यावर प्रकाश टाकला की तो कोणते रंग शोषतो, कोणते परत देतो आणि तापमान बदलले की त्यात काय फरक पडतो, हे त्या तपासत होत्या. त्यासाठी हिरा द्रवरूप हवेने, म्हणजे उणे १९० अंशांच्या आसपास थंड ठेवावा लागे. काही हिऱ्यांतून येणारा प्रकाश इतका मंद असे, की फोटोच्या काचेवर तो उमटायला पंधरा ते वीस तास लागत. त्यामुळे मणी कित्येकदा रात्री प्रयोगशाळेतच झोपत.

उष्णतेच्या दृष्टीने हिरा हा मोठा मजेदार पदार्थ आहे. त्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, पण उष्णता मात्र तांब्यापेक्षा सुमारे पाचपट सहज वाहते. धातूत उष्णता वाहून नेण्याचे मुख्य काम मोकळे इलेक्ट्रॉन करतात. हिऱ्यात ते नसतात. मात्र त्यातले कार्बनचे अणू एकमेकांना इतके घट्ट बांधलेले असतात, की एका टोकाचा अणू थरथरला की ती थरथर क्षणात दुसऱ्या टोकाला पोचते. पदार्थ जागचा न हलता त्यातून उष्णता पुढे सरकते, याला वहन म्हणतात.

आपल्या स्वयंपाकघरात हा प्रकार रोजचा आहे. तांब्यातून उष्णता स्टेनलेस स्टीलपेक्षा पंचवीसपट सहज वाहते. म्हणून काही स्टीलच्या पातेल्यांना बुडाला तांब्याचा मुलामा असतो, तर काही कढयांच्या बुडात अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो. आच एका ठिकाणी न साचता सगळ्या बुडाला सारखी पोचावी आणि दूध लागू नये, एवढाच त्याचा उद्देश. याउलट कुकरची मूठ बेकेलाइटची आणि पोळपाट-लाटणे लाकडाचे, कारण या पदार्थांतून उष्णता फार हळू चालते. सांडशी लोखंडाची असूनही हात भाजत नाही, कारण ती बारीक आणि लांब असते आणि आपण ती क्षणभरच धरतो. तीच पाच मिनिटे आचेवर राहिली, तर मग फडकेच घ्यावे लागते.

पदवी नाकारली, पण वाट सापडली

१९४२ ते १९४५ या काळात मणींनी हिऱ्यांवर पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले. पाचही एकट्यांच्या नावावर. ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी मद्रास विद्यापीठाकडे पीएच.डी.साठी प्रबंध सादर केला. विद्यापीठाने तो नाकारला. कामात खोट नव्हती, पण मणींकडे एम.एस्सी.ची पदवी नाही, हे कारण पुढे करण्यात आले. ऑनर्सची पदवी आणि पाच शोधनिबंध जमेस धरले गेले नाहीत. तो प्रबंध आजही बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत जपून ठेवलेला आहे.

मणींनी याचा बाऊ केला नाही. पदवी नसल्याने आपल्या कामात काही कमी पडले, असे त्यांना पुढेही कधी वाटले नाही. मात्र या नकाराकडे आपण डोळेझाक करू नये. त्या प्रयोगशाळेत मुली मोजक्याच होत्या. पुरुष सहकाऱ्यांशी मोकळेपणाने चर्चा करण्याची मुभाही त्यांना नव्हती. एखाद्या मुलीच्या हातून उपकरण हाताळताना बारीकशी चूक झाली, तरी ती बाईमाणसाला हे जमायचे नाही याचा पुरावा ठरत असे. अशा वातावरणात त्यांनी हे काम केले होते.

त्याच वर्षी सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशी जाण्याची संधी आली. सैनिकांची ने-आण करणाऱ्या जहाजातून त्या इंग्लंडला पोचल्या आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गेल्या. त्यांना भौतिकशास्त्र शिकायचे होते, पण शिष्यवृत्ती उपलब्ध होती ती हवामानाच्या उपकरणांसाठी. मिळाले ते काम त्यांनी मनापासून शिकून घेतले. पुढची तीस वर्षे त्यावरच उभी राहिली.

सिमला ऑफिसातली कार्यशाळा

१९४८ मध्ये मणी मायदेशी परतल्या आणि पुण्यात भारतीय हवामान खात्यात रुजू झाल्या. एस. पी. वेंकटेश्वरन हे तेव्हा उपकरण विभागाचे प्रमुख होते. देश नुकता स्वतंत्र झाला होता. साध्यासुध्या मापकांसाठीही परदेशाकडे पाहावे लागत होते. वेंकटेश्वरन यांना ही उपकरणे इथेच बनवायची होती आणि मणींना तर याचीच ओढ होती. १९५३ मध्ये विभागाची सूत्रे मणींकडे आली. त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करत होते. जवळपास शंभर उपकरणांची रेखाचित्रे त्यांनी प्रमाणित करून घेतली आणि त्यांचे उत्पादन सुरू केले. एका कारागिराने बनवलेला पर्जन्यमापक आणि दुसऱ्याने बनवलेला पर्जन्यमापक यांत तसूभरही फरक पडू नये, यासाठी ही सगळी खटपट.

उष्णता मोजायची म्हणजे उष्णतेने पदार्थात होणारा बदल मोजायचा. डॉक्टरांच्या जुन्या तापमापकात पारा प्रसरण पावून नळीत वर चढे, तो याच तत्त्वावर. वेधशाळेत दिवसभराच्या तापमानाचा आलेख काढणारे एक उपकरण असते. त्यात दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. तापल्यावर एक पट्टी जास्त लांबते, दुसरी कमी. जोडलेल्या असल्यामुळे दोघींना मिळून वाकावेच लागते. त्या वाकण्याने शाईचा टाक हलतो आणि घड्याळाच्या चालीने फिरणाऱ्या कागदावर रेघ उमटते. आपल्या इस्त्रीतही हीच जोडपट्टी असते. ठरलेले तापमान आले की ती वाकते, विजेचा संपर्क तुटतो आणि दिवा विझतो.

संध्याकाळी पत्र्याची टकटक होते, तीही याच प्रसरण-आकुंचनाची. पोलाद एका अंशाला, दर मीटरमागे एका मिलिमीटरचा साधारण ऐंशीवा भाग एवढेच वाढते. ऐकायला ते किरकोळ वाटते. पण वीस फुटी पत्रा दुपार ते पहाट या वेळात चाळीस अंशांनी निवला, तर त्याची लांबी सुमारे तीन मिलिमीटरने घटते. स्क्रूने जखडलेला पत्रा सहज सरकू शकत नाही, ताण साचत जातो आणि मग तो अचानक टक्क करून सुटतो. वर्षानुवर्षे हे रोज चालले, की स्क्रूभोवतीची छिद्रे मोठी होतात आणि पावसाळ्यात तिथून थेंब गळू लागतो. म्हणून पावसाआधी पत्र्यावर चढणाऱ्याने आधी रबराचे वायसर पाहावेत.

पेपरातले तापमान आणि पत्र्याखालचे तापमान

वेधशाळेच्या आवारात एक पांढरी, झडपांची लाकडी पेटी पायांवर उभी असते. तापमापक तिच्या आत ठेवतात. लाकूड उष्णता आत वाहू देत नाही, पांढरा रंग ऊन परतवतो आणि झडपांतून वारा खेळत राहतो. त्यामुळे तापमापकाला फक्त हवेचे तापमान कळते. उन्हाची झळ त्याला लागत नाही. पेपरात आपण पुण्याचे तापमान ४० अंश असे वाचतो, ते या सावलीतल्या हवेचे असते.

पत्र्याचा विचार मात्र वेगळा. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. आपली सावली पायांखाली दडते, तो शून्य सावलीचा दिवस याच सुमाराचा. निरभ्र आकाश असेल तर अशा वेळी एका चौरस मीटरवर ९०० ते १००० वॉट ऊर्जा पडते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीचे छप्पर म्हणजे सुमारे अकरा चौरस मीटर. याचा अर्थ, त्या एका खोलीवर सुमारे दहा किलोवॉटचे ऊन ओतले जात असते. हजार वॉटच्या दहा इस्त्र्या एकदम चालू ठेवाव्यात, तेवढे. त्यातले काही ऊन पत्रा परतवतो, काही उष्णता वारा नेतो, तरीही जुना, मळलेला, गंजलेला पत्रा साठ अंशांच्या वर सहज जातो.

पत्र्याखाली बसलेल्या माणसाला ही उष्णता दोन वाटांनी गाठते. तापलेल्या पत्र्याला लागून असलेली हवा गरम होते. गरम हवा हलकी असल्याने ती वरच साचून राहते, आणि वर झरोका नसेल तर तिला बाहेर जायला वाव मिळत नाही. हवेच्या किंवा पाण्याच्या हालचालीबरोबर उष्णता फिरते, त्याला अभिसरण म्हणतात. पातेल्यातले पाणी खालून तापून वर येते आणि थंड पाणी खाली जाते, तेही अभिसरणच. दुसरी वाट हवेच्या मदतीशिवायची आहे. तापलेला पत्रा न दिसणारे किरण खाली फेकतो आणि ते थेट आपल्या डोक्या-खांद्यांवर पडतात. हे प्रारण. शेकोटीसमोर बसले की पाठ गार राहते आणि तोंड भाजते, ते यामुळे. म्हणून पत्र्याच्या खोलीत हवेचे तापमान ४० असले तरी अंगाला त्याहून कितीतरी जास्त जाणवते.

ऊन मोजायचे यंत्र

सूर्याची उष्णता पृथ्वीवर येते ती प्रारणानेच, कारण मधल्या पोकळीत ना वहन शक्य, ना अभिसरण. १ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ या काळात जगभर आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष साजरे झाले. अनेक देशांनी मिळून पृथ्वीची एकाच पद्धतीने मोजणी करायची, असे ठरले. या निमित्ताने मणींनी भारतभर सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. सुरुवातीची उपकरणे बाहेरून आणावी लागली. पण लवकरच त्यांनी प्रारणमापकांची रचना आणि निर्मिती पुण्यातच सुरू केली.

हे यंत्र तत्त्वाने सोपे आहे. काचेच्या घुमटाखाली एक काळा पृष्ठभाग असतो. काळा रंग जवळजवळ सगळे ऊन पिऊन घेतो आणि तापतो. त्या पृष्ठभागाखाली दोन निराळ्या धातूंच्या तारांचे सांधे असतात. गरम सांधा आणि थंड सांधा यांच्या तापमानात फरक पडला, की तारेत अगदी किंचित विद्युतदाब निर्माण होतो. तो मोजला की ऊन किती ते कळते. काचेचे काम दुहेरी आहे. ती ऊन आत येऊ देते, पण वाऱ्याला काळा पृष्ठभाग निववू देत नाही. शिवाय तापलेल्या वस्तूंतून निघणारे न दिसणारे उष्ण किरण ती अडवते. उन्हात उभी केलेली बंद मोटार भट्टीसारखी तापते, त्यालाही काचेचा हाच गुण कारण आहे. लहान मुलाला अशा गाडीत पाच मिनिटेही एकटे ठेवू नये.

आणखी एक उपकरण याहून चतुर आहे. त्यात दोन सारख्या काळ्या धातुपट्ट्या असतात. एकीवर ऊन पडू देतात, दुसरी सावलीत ठेवून विजेने तापवतात. दोघींचे तापमान बरोबर झाले, की विजेने दिलेली उष्णता म्हणजेच उन्हाने दिलेली उष्णता. वीज अचूक मोजता येते, म्हणून ऊनही अचूक मोजता येते. तराजूच्या एका पारड्यात माल आणि दुसऱ्यात वजन, असाच हा प्रकार.

अशी यंत्रे बनवणे एकवेळ सोपे, पण ती वर्षानुवर्षे खरे बोलत राहतील हे पाहणे अवघड. घुमटावर धूळ बसते, काळा रंग उन्हाने फिका पडतो, सांधे थकतात. चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे, अशी मणींची ठाम धारणा होती. म्हणून प्रत्येक उपकरण प्रमाण उपकरणाशी पुन्हा पुन्हा ताडून पाहण्यावर त्यांचा कटाक्ष असे. हाताखालच्या माणसांना त्यांची शिस्त कडक वाटे, पण त्या शिस्तीमुळेच पुण्याहून निघालेल्या आकड्यांवर बाहेरच्या देशांनीही विश्वास ठेवला.

आकड्यांतून तापलेले पाणी

त्यांच्या कामाची व्याप्ती पुढे वाढत गेली. वातावरणातला ओझोन मोजण्यासाठी फुग्याबरोबर वर सोडायचे उपकरण त्यांनी विकसित केले. असे स्वतःचे उपकरण असणारे देश तेव्हा जगात मोजकेच होते. विक्रम साराभाईंच्या विनंतीवरून १९६३ मध्ये थुंबा येथे, रॉकेट उडवण्याच्या तळावर, त्यांनी हवामान वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा उभारून दिला. १९६९ मध्ये त्यांची दिल्लीला उपमहासंचालक म्हणून बदली झाली. १९७५ मध्ये जागतिक हवामान संघटनेच्या सल्लागार म्हणून त्या इजिप्तला जाऊन आल्या आणि १९७६ मध्ये निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसले नाहीत. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत त्या तीन वर्षे अभ्यागत प्राध्यापक होत्या. इतक्या वर्षांत साठलेल्या मोजमापांचे त्यांनी ग्रंथ केले. भारतातल्या सौर प्रारणाची आकडेवारी सांगणारा त्यांचा ग्रंथ १९८० मध्ये निघाला आणि त्याला जोडून १९८१ मध्ये दुसरा. तेलाच्या किमती भडकल्याने सगळे जग पर्यायी इंधन शोधत असतानाच्या या गोष्टी. सौर ऊर्जेवर काम करणाऱ्या अभियंत्यांसाठी हे ग्रंथ म्हणजे पंचांगच ठरले. कोणत्या शहरात, कोणत्या महिन्यात, किती ऊन मिळेल हे आता अंदाजाने सांगायची गरज उरली नाही. त्यानंतर त्यांनी हीच शिस्त वाऱ्याला लावली आणि पवनऊर्जेसाठी देशभरातल्या वाऱ्याच्या वेगाची मोजणी हाती घेतली.

या आकड्यांचा उपयोग आपल्या गच्चीवर करून पाहू. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण चार युनिट वीज लागते. पुण्यात वर्षाच्या सरासरीने एका चौरस मीटरवर दिवसाला पाच ते सहा युनिट ऊर्जा उन्हातून मिळते. म्हणजे दोन चौरस मीटरचा संच बसवला आणि त्याने त्यातली निम्मी जरी पकडली, तरी कुटुंबाचे पाणी तापते. शंभर लिटरच्या साध्या संचाला साधारण दोन चौरस मीटरचे पॅनेल देतात, त्यामागचा हिशेब हा आहे. सोलरच्या काचेच्या नळ्या दुहेरी असतात आणि मधली हवा काढून घेतलेली असते. हवाच नाही म्हटल्यावर वहन आणि अभिसरण दोन्ही बंद. ऊन आत येते, उष्णता बाहेर पडत नाही. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वरच्या टाकीत चढते, पंपाची गरज लागत नाही. टाकीभोवती फोमचे आवरण असते, म्हणून रात्रीचे पाणी सकाळीही कढत मिळते.

पत्र्याखालच्या घरासाठी

हाच हिशेब उलटा लावला, की पत्र्याखालच्या घराला आराम देता येतो. ऊन आत शिरायच्या आधीच परतवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. पत्र्याला किंवा गच्चीला पांढरा रंग अथवा चुना दिला, तर स्वच्छ पांढरा पृष्ठभाग ऊन बहुतांशी परत पाठवतो. नवा कोरा चकचकीत पत्राही ऊन परतवतो, पण चकचकीत धातू स्वतःची उष्णता प्रारणाने सोडायला नाखूष असतो. पांढरा रंग ऊन परतवतो आणि शोषलेली उष्णताही मोकळेपणाने आकाशाकडे सोडतो, म्हणून तो जास्त उपयोगी. धूळ बसली की गुण कमी होतो. दर उन्हाळ्याआधी एक हात मारावा.

दुसरा उपाय पत्र्याखाली छत लावण्याचा. पत्रा आणि छत यांच्यामध्ये हवेची जागा राहिली, तर पत्र्याचे उष्ण किरण थेट अंगावर येत नाहीत. मात्र त्या जागेतली गरम हवा निघून जाण्यासाठी दोन्ही टोकांना वाट ठेवावी. तिसरा उपाय वरच्या बाजूच्या झरोक्याचा. गरम हवा वर चढते, तर तिला वरूनच जाऊ द्यावे. सिमेंटच्या घरात प्रश्न निराळा आहे. जाड स्लॅब उष्णता हळूहळू साठवतो आणि काही तासांनी आत सोडतो. तिथे दुपारी खिडक्यांवर पडदे ओढून घ्यावेत आणि रात्री त्या सताड उघडाव्यात.

शरीराचेही गणित विसरू नये. बाहेरची हवा त्वचेपेक्षा गरम झाली, की शरीराची उष्णता हवेत जात नाही. उलट हवाच ती शरीराला देऊ लागते. मग उरतो एकच मार्ग, घामाचा. एक लिटर घाम त्वचेवर वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. माठातले पाणी गार होते, तेही असेच. घाम होण्यासाठी पाणी प्यावे लागते आणि तो वाळण्यासाठी वारा लागतो. हवेचे तापमान ४० अंशांच्या पुढे गेले, तर नुसत्या पंख्यावर भिस्त ठेवू नये. त्याच्या जोडीला अंग ओल्या फडक्याने पुसत राहावे. मार्केट यार्डात पाठीवर पोती वाहणारे हमाल, बांधकामावरचे मजूर, पत्र्याच्या खोलीत दुपारभर शिवणकाम करणाऱ्या बायका, म्हातारी माणसे आणि तान्ही बाळे यांना धोका सर्वांत जास्त.

उष्माघातात शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या वर जाते. माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, बेशुद्ध पडतो. अशा वेळी १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत न बसता लगेच माणसाला सावलीत घ्यावे, जाडे कपडे काढावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

शेवटची वर्षे

१९८७ मध्ये भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने मणींना के. आर. रामनाथन पदक दिले. १९९४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि हिंडणे-फिरणे थांबले. निसर्ग, पायी भटकंती आणि पुस्तके यांच्या संगतीत त्यांनी आयुष्य काढले होते. लग्न केले नाही, पीएच.डी. मिळाली नाही. १६ ऑगस्ट २००१ रोजी, त्र्याऐंशीव्या वाढदिवसाला आठवडाभर कमी असताना, तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.

प्रारणमापके प्रमाण उपकरणाशी ताडून पाहण्याचे काम आजही पुण्याच्या वेधशाळेत चालते. सोलर बसवायला आलेला कारागीर तुमच्या घरात माणसे किती हे विचारून पॅनेल केवढे लागेल ते झटकन सांगतो. त्याला अ‍ॅना मणी हे नाव ठाऊक असेल-नसेल. पण त्याच्या तोंडी जो आकडा आहे, तो कोणीतरी घुमटावरची धूळ पुसून, रोज नोंद ठेवून, खरा-खोटा पारखून मिळवलेला आहे. पुण्याच्या महापालिकेने सोलर बसवणाऱ्यांना मिळकतकरात सवलत देऊ केली आहे. ती घ्यावी, आणि उरलेल्या पैशांतला एक डबा पांढरा रंग, जवळ कोणाचे पत्र्याचे घर असेल तर, त्यांच्या छपरासाठी द्यावा.